उलट्या तोंडाची गोगलगाय

गोगलगाईंवर कुणाचं आयुष्य निघू शकतं, यावर आमच्या सोसायटीत अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. मी डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे एवढं त्यांना मान्य आहे, कारण त्यांची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. पण शिकवून उरलेला सगळा वेळ मी जमिनीवरच्या गोगलगाई हुडकण्यात, त्यांना कापण्यात आणि त्यांना नाव देण्यात घालवला, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण त्याचा उपयोग काय?" निवृत्त झाल्यापासून मी या प्रश्नाला उत्तर देणं सोडलं आहे.

पावसाळा लागला की सेक्रेटरींचा फोन येतो. "मॅडम, तुमच्या गोगलगाई आल्यात पार्किंगमध्ये." तुमच्या! जशा काही मीच पाळल्यात. त्या असतात आफ्रिकेतून आलेल्या, मुठीएवढ्या, मिळेल ते खाणाऱ्या, भिंतीचा चुनासुद्धा न सोडणाऱ्या. "मीठ टाकू का?" ते दरवर्षी विचारतात. हातमोजे घालून गोळा करा, मिठाने झाडंही मरतील, असं मी दरवर्षी सांगते, आणि ते दरवर्षी मीठ टाकतात. बी विंगमधल्या एक बाई तर दोन गोगलगाई घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या होत्या. कोरियात हिचा चीक चेहऱ्याला लावतात म्हणे, ही तीच का, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "ही ती नव्हे, आणि हिच्या अंगात मेंदूपर्यंत जाणारे जंत असू शकतात." त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या तरी अंग चोरून उभ्या राहतात.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. माझं काम लहानांचं. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक गोगलगाई लोकांनी कधी पाहिलेल्याच नसतात, कारण त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या असतात. पानांच्या कुजलेल्या थराखाली, कातळाच्या भेगांत, शेवाळात त्या राहतात. त्यांना शोधायची पद्धत अगदी घरगुती आहे. पालापाचोळा पिठाच्या चाळणीतून चाळायचा, मग चहाच्या गाळणीतून, खाली पडलेला चुरा पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि भिंग लावून एकेक कण पाहत बसायचं. शंभर कण मातीचे असतात, एखादा नसतो. तो ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायचा आणि औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवायचा. संध्याकाळपर्यंत कंबरडं मोडतं आणि डोळ्यांत पाणी येतं. तरी मला या कामात जेवढं सुख मिळालं तेवढं दुसऱ्या कशात मिळालं नाही.

नवीन सापडली म्हणजे काय, हेही सांगायला हवं. नवी जात, म्हणजे आम्ही जिला स्पीशीज म्हणतो ती, हे ओळखीच्या घरातलं आजवर न भेटलेलं भावंड असतं. नवा जीनस म्हणजे अख्खं नवं आडनाव. माझ्या क्षेत्रात जाती बऱ्याच जणांनी शोधल्या आहेत, मीही दोन-तीन शोधल्या. जीनस मात्र एखाद्याच्याच वाट्याला येतो, कारण तिथे नुसतं कवच दाखवून भागत नाही. कवच फार फसवं असतं. एकाच तऱ्हेच्या दगडावर राहून राहून दोन परक्या कुळांच्या गोगलगाई दिसायला सारख्या होतात. खरी ओळख आत असते. जिभेवरचे दात, पोट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जननेंद्रियं. ती पूर्ण वाढलेल्या जीवातच पाहता येतात. त्यासाठी जीव मारावा लागतो, आणि तो नीट मारावा लागतो.

नीट म्हणजे असं, की पाणी उकळून गार करायचं, म्हणजे त्यातली हवा जाते. छोटी बाटली काठोकाठ भरायची, गोगलगाय आत सोडायची आणि बुडबुडा राहणार नाही असं झाकण लावायचं. ती हवा शोधत कवचाबाहेर पूर्ण येते आणि तशीच, पसरलेली, मरते. मग अल्कोहोल. आपोआप मेलेली आमच्या उपयोगाची नसते. ती अंग कवचात ओढून घेऊन मरते, आणि एवढ्याशा जीवाचा काही तासांत चिखल होतो. आम्हाला मेलेली चालत नाही, मारलेलीच लागते. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणायचे आणि पोरी "ई" करायच्या.

मला जी सापडली ती शिळफाट्याजवळच्या एका टेकडीवर. मानपाड्याहून तिकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला अशा कितीतरी टेकड्या होत्या. काहींची आता नुसती बाजू उरली आहे आणि काहींच्या जागी टॉवर आहेत. या टेकडीच्या पायथ्याला गावदेवीचं ठाणं होतं. शेंदूर फासलेला एक दगड, वर पत्रा, आणि मागे काळ्या कातळाची ओली भिंत. त्या भिंतीच्या पायाशी मी पाला चाळत बसले होते तेव्हा देवीची दिवाबत्ती करणाऱ्या हिराबाई वरून माझ्याकडे बघत होत्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. आगरी लुगडं, हातात तेलाची बाटली.

"काय गो बाय, सोना गावतंय कं?"

"गोगलगाई शोधतेय."

मी ब्रशच्या टोकावरचा कण त्यांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. "येवरीशी? हिला कं खाशील तू?"

त्या कणाकडे मीही तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. घरी येऊन भिंगाखाली धरला आणि खुर्चीतून उठलेच. ही बया आपल्या कवचावर मातीचा लेप देते, म्हणून ती मातीचा कणच वाटते. लेप धुतला तर खाली तपकिरी कवच, आणि त्याचा शेवटचा वेढा वळून वर गेलेला. आपल्याकडच्या सगळ्या गोगलगाईंच्या कवचाचं तोंड खाली किंवा बाजूला असतं. हिचं तोंड आभाळाकडे. म्हणजे चालताना ती आपलं घर उलटं करून वाहते. तोंडाच्या आत चार बारीक दात, किड्यांना आत येऊ न देणारे. असली रचना मी पुस्तकांत पाहिली होती, पण ती दूरच्या देशांतल्या वेगळ्या कुळांची, आणि तीही अशी नव्हे. त्या संध्याकाळी मी जेवले की नाही ते आठवत नाही. हे बाहेरून दोनदा विचारून गेले, "झालं का?"

त्या पावसाळ्यात मी तिथे चार-पाच वेळा गेले. रिकामी कवचं भरपूर मिळाली. ती कॅप्सूलमध्ये ठेवून कपाटात बंद केली. जिवंतही बऱ्याच मिळाल्या. त्या बुडवून, अल्कोहोलमध्ये घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बाटलीत ठेवल्या. त्याच पाल्यात राहणाऱ्या आणखी दोन जातीही त्यात मिसळलेल्या होत्या. त्या कवचावरून वेगळ्या काढायच्या, मग एकेक उघडायची. दिवाळीच्या सुट्टीत हे निवांत करायचं ठरवलं, कारण कॉलेज चालू असताना निवांत काही होत नाही.

आणि त्याच वर्षी कॉलेजात तपासणी समिती यायची होती.

ज्यांनी कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा पाहिली आहे त्यांना त्या बरण्या आठवत असतील. साप, विंचू, मासे, पिवळट पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. ते पाणी म्हणजे फॉर्मेलिन, आणि ते हळूहळू उडतं. समिती यायची म्हणजे सगळ्या बरण्यांत नवं फॉर्मेलिन भरायचं, काचा पुसायच्या, लेबलं सरळ करायची. ही आमच्याकडची रीतच. हे काम दळवी मामांचं. दळवी मामा आमचे लॅब अटेंडंट, कल्याण पूर्वेला राहायचे, मूळ रत्नागिरीकडचे. बोलायला कमी आणि हाताला स्वच्छ. एकदा त्यांनी पुसलेल्या बरणीवर बोटाचा ठसा सापडायचा नाही.

समिती आली, बरण्या पाहिल्या, वडे खाल्ले आणि गेली. सुट्टी लागल्यावर मी माझी बाटली काढली तर ती काठोकाठ भरलेली. मी तर अर्धी ठेवली होती. झाकण उघडलं आणि नाकाला तो वास झोंबला. फॉर्मेलिन आंबट असतं, आणि गोगलगाईचं कवच म्हणजे खडूच. मोठ्या शंखाला ते पुसटसं खातं. मोहरीएवढ्या कवचाला ते पूर्ण संपवतं. बाटलीच्या तळाशी करड्या रंगाचे कडक कण पडले होते. तीन जातींचे जीव, सगळे उघडे, सगळे सारखे. कुठला कोणाचा हे आता जगात कोणी सांगू शकलं नसतं. सुई लावली की त्यांचा भुगा होत होता.

मी दळवी मामांना हाक मारली. माझा आवाज बाहेर पॅसेजमध्ये ऐकू गेला असणार. "हे कोणी केलं? अक्कल गहाण ठेवलीय का सगळ्यांनी?"

मामांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी भरलं, मॅडम. निम्मी झालेली. कमी झालेली प्रत्येक बाटली भरायची, हे तुम्हीच सांगितलेलं ना मला, पहिल्या वर्षी."

सांगितलं होतंच. मी तेव्हा नवीन होते आणि तेही. त्यानंतर बरेच दिवस आमचं कामापुरतंच बोलणं झालं. मामांनी मात्र त्या दिवसानंतर कुठल्याच बाटलीला मला विचारल्याविना हात लावला नाही. मुलांचं प्रॅक्टिकल चालू असतानाही येऊन विचारायचे, "मॅडम, हिच्यात काय आहे?" मला ते विचारणं टोचायचं.

जिवंत गोगलगाई पुन्हा मिळवायच्या तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणं भाग होतं. पाऊस संपला की त्या कातळाच्या भेगांत इतक्या खोल जातात, की हातोडी घेऊनही सापडत नाहीत. दरम्यान मी नुसत्या कवचांवर निबंध लिहून पाठवून दिला. तो तपासायला परदेशातल्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञांकडे गेला. त्यांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं की कवच विलक्षण आहे, पण कवचावर जीनस उभा करता येणार नाही. प्रौढ जीवाचं आतलं अंग पाहून लिहा. मला राग आला. पण तो निबंध माझ्याकडे तपासायला आला असता तर मीही हेच लिहिलं असतं.

आणि टेकडी विकली गेल्याचं मला हिराबाईंनी सांगितलं. मार्चमध्ये सहज गेले होते. पायथ्याशी पत्र्याचं कुंपण लागलं होतं. "पोरांनी इकली," त्या म्हणाल्या. "आता कं बोलाचा. देवीला खाली नवा देऊल बांधून देतान. टाइल लावतान, पंखा लावतान." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "आनी तुझ्या गोगलगाई गो? त्या कं करतील?"

मी ठाण्याला एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं पटतंय. पण अर्जात प्राण्याचं नाव लिहावं लागतं. नाव काय लिहू?"

"नाव अजून नाही. तेच तर ठेवायचंय."

"मग आधी ठेवा ना. बिननावाच्या प्राण्यासाठी मी काम कसं थांबवू?" त्यात खोडसाळपणा नव्हता. त्यांना खरंच मदत करायची होती, असं मला आजही वाटतं.

जूनच्या शेवटी पाऊस धरला तशी मी निघाले. सोबत दळवी मामा होते. मी बोलावलं नव्हतं. सकाळी रिक्षातून उतरून माझ्या इमारतीखाली उभे होते, हातात पिठाची चाळण. "दोघं असलो तर लवकर होईल," एवढंच म्हणाले.

टेकडीचा निम्मा भाग नव्हता. दोन पोकलेन वर चढवलेले, खाली डंपरची रांग. देवीचा दगड हलवला होता, पत्रा गेला होता, पण मागच्या काळ्या कातळाचा एक तुकडा, दोन माणसं उभी राहतील एवढा, अजून उभा होता. फाटकावर वॉचमनने अडवलं. तेवढ्यात पिवळं हेल्मेट घातलेला एक जण आतून पळत आला.

"मॅडम? मी प्रशांत. टीवायला होतो तुमच्याकडे."

"तू इथे काय करतोस?"

"साइट सुपरवायझर आहे." तो ओशाळून हसला. "झूलॉजीवर काय मिळतंय मॅडम, तुम्हाला तर माहितीये."

मी काय हवंय ते सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं, वर पाहिलं. "जेवणाची सुट्टी होतेय. मशीन बंद असेल तेवढ्या वेळात करा काय ते. नंतर तो तुकडा पण जाणारे, माझ्या हातात नाय काही. आणि हेल्मेट घाला दोघं, वरनं दगड येतायत." सुट्टीभर तो आमच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. स्वतःचा डबा त्याने उघडला नाही. त्याच्यावर चिडावं असं मला फार वाटत होतं, पण जमलं नाही.

आम्ही भेगांतली सगळी माती काढली, शेवाळ सुरीने खरवडलं, ओले दगडच्या दगड पिशवीत घातले. भोंगा झाला. प्रशांत म्हणाला, "चला मॅडम, प्लीज." आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मागे पोकलेनचा आवाज सुरू झाला होता. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

घरी सगळं चाळून झाल्यावर हाती आल्या तीन प्रौढ आणि मूठभर पिल्लं. प्रौढ म्हणजे कवचाच्या तोंडाची कड जाड झालेली. मी तेव्हाच एक प्रौढ बुडवायला हवी होती, असं कोणीही म्हणेल. पण जिथून त्या आणल्या ती जागाच राहिलेली नव्हती. या डब्यात होत्या तेवढ्याच, माझ्या माहितीत, जगात होत्या. मला वाटलं, आधी वाढवू. अंडी घालतील, संख्या वाढेल, मग त्यातली एक घेऊ. म्हणजे नावही होईल आणि जीवही राहील. लोभ झाला मला दोन्हीचा.

आइस्क्रीमच्या डब्यात कातळाचे तुकडे, शेवाळ, कुजका पाला अशी मी त्यांची जागा मांडली. झाकणाला भोकं. दर रविवारी दळवी मामा कल्याणहून यायचे. अंड्याची कवचं भाजून, खलबत्त्यात कुटून, कापडातून गाळून आणायचे, कारण गोगलगाईला चुना लागतो. पावसाचं पाणी बाटलीत भरून आणायचे, कारण आमच्या नळाच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. डब्यावर वाकून बसायचे आणि भिंगातून मोजायचे. आमच्यातलं बोलणं त्या डब्यामुळे परत सुरू झालं. फॉर्मेलिनचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

पिल्लं एकेक करून जायला लागली. का, ते मला आजही माहीत नाही. संध्याकाळी एमआयडीसीकडून वास सुटतो तेव्हा मी खिडक्या लावून डबा आतल्या खोलीत ठेवायचे. ओल वाढवली, कमी केली, पाला बदलला. रोज सकाळी झाकण उघडून आधी मोजायचे. मेलेली पिल्लं मी अल्कोहोलमध्ये टाकत गेले. त्यांच्यावरून डीएनएची तपासणी झाली, आणि हा जीव ओळखीच्या कुठल्याच घरातला नाही असं आलं. पण तज्ज्ञांना आतलं अंग हवं होतं ते हवंच होतं. मग एका आठवड्यात दोन प्रौढ गेल्या. दोन्ही वेळा मी सकाळी पाहिलं आणि दोन्ही वेळा कवचात नुसता चिखल होता. पिल्लंही संपली. उरली एक.

ती गोगलगाय एकटी असली तरी अंडी घालू शकते, असं मी मामांना सांगितलं होतं. आमच्या जीवांत नर-मादी एकाच अंगात असतात, त्यामुळे एकटीचंही कधीकधी भागतं. मी रोज माती चाळून अंडी शोधायचे. नव्हती. गेले काही दिवस ती फारशी हलतही नव्हती. एका जागी चिकटून बसायची, उलटं घर पाठीवर घेऊन. मला तिची भीती वाटायला लागली होती. आज उद्या मीच झाकण उघडेन आणि हिचाही चिखल झालेला असेल, मग टेकडी नाही, जीव नाही आणि नावही नाही. मग ती कधी नव्हतीच, असं होईल. कपाटातली कवचं बघून पुढेमागे कोणी म्हणेल, असेल काहीतरी.

त्या रविवारी मामा आले तेव्हा मी गॅसवर पाणी उकळायला ठेवलं होतं. चहाचं आतल्या शेगडीवर होतं. त्यांनी दोन्ही भांडी पाहिली आणि ओळखलं.

"मॅडम, हिला असू द्या ना."

"मामा, ही जगणार नाहीये. बाकीच्यांचं काय झालं पाहिलंत ना?"

"पाहिलं. तरी पण असू द्या. आणखी थोडं बघू. अंडी घालेल."

"दीड महिना बघतेय मी. घालायची असती तर घातली असती." माझा आवाज चढला होता, ते मलाच कळत होतं. "नाव झालं तर दुसऱ्या टेकडीवर कोणीतरी हिला शोधेल. नावच नसेल तर शोधणार काय?"

"ते तुम्हाला कळतं," मामा म्हणाले. "मला काय त्यातलं." त्यांनी आणलेली अंड्याच्या कवचाची पुडी ओट्यावर ठेवली आणि चहा न घेता निघाले. लिफ्टसाठी थांबलेसुद्धा नाहीत, जिन्याने गेले.

पाणी गार झाल्यावर मी तिला बाटलीत सोडलं. ती बाहेर आली. शिंगं पूर्ण ताणून, पाऊल काचेला लावून, तिने बाटलीचा वरचा काठ गाठला आणि तिथे थांबली. मी बाजूला बसून होते. वर्गात हे शेकड्यांनी केलं आहे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं.

उघडायचं काम दुसऱ्या दिवशी केलं. कवचाचे फोटो आधी घेतले, मग ते फोडलं. बांबूच्या काडीत बसवलेल्या सगळ्यात बारीक सुईने अंग सोडवायला घेतलं. जीभ निघाली, पोट निघालं. त्याच्या पलीकडे काहीतरी टणक लागलं. मला वाटलं, खडे गिळलेत. सूक्ष्मदर्शकाचं भिंग वाढवून पाहिलं तर खड्यांना वेढे होते.

तीन पिल्लं होती. प्रत्येकाला दीड वेढ्याचं पूर्ण कवच, पारदर्शक. ही जात अंडी घालतच नाही. पिल्लं होईपर्यंत पोटात वागवते आणि चालती पिल्लं बाहेर सोडते. मी दीड महिना मातीत अंडी शोधत होते. ती हलत नव्हती ती जड झाल्यामुळे.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. कारण या तऱ्हेच्या कवचाच्या कुठल्याही गोगलगाईत हे कोणी पाहिलेलं नव्हतं. जीनस वेगळा आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नव्हता. मी उठून फेऱ्या मारल्या, ह्यांना हाक मारली, या बघा म्हटलं. हे आले, पाहिलं, म्हणाले, "अरे वा, हिची पिल्लं का ही?" तेव्हा मी खाली बसले आणि मला रडू आलं. हे बिचारे गोंधळून पाणी आणायला गेले.

निबंध छापून आला. म्हाताऱ्या तज्ज्ञांनी आपणहून पत्र लिहून अभिनंदन केलं, पिल्लांच्या चित्राचं विशेष कौतुक केलं. जीनसचं नाव लॅटिन आहे, अर्थ 'वर तोंड असलेली'. जातीचं नाव मी गावदेवीवरून ठेवलं. ठिकाण या मथळ्याखाली टेकडीचं वर्णन लिहून पुढे 'आता अस्तित्वात नाही' असं लिहावं लागलं. तेव्हापासून दोन पावसाळे मी शिळफाट्यापासून कल्याणच्या मागच्या बाजूपर्यंत उरलेल्या टेकड्यांवर पाला चाळते आहे. अजून मिळालेली नाही. गुडघे आता नको म्हणतात.

कॉलेजने सत्कार केला. शाल, नारळ, प्राचार्यांचं भाषण, डोंबिवलीचं नाव जगात गेलं वगैरे. दळवी मामा तोवर निवृत्त झाले होते, तरी आले होते, शेवटच्या रांगेत. त्या रविवारनंतर ते माझ्याकडे आले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि आम्ही रिक्षास्टँडकडे चालायला लागलो. बरंच चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, ती उघडलीत तेव्हा आत काय निघालं?"

भाषणात मी ते शास्त्राच्या भाषेत सांगितलं होतं, त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. मी साध्या शब्दांत सांगितलं. तीन पिल्लं, कवचासकट.

मामा थांबले. "म्हणजे आणखी थोडे दिवस दिले असते तर?"

"तर बाहेर आली असती. पण जगली नसती मामा. मूठभर पिल्लं गेली की नाही आपल्या डोळ्यांदेखत? ही पण मेलीच असती."

"मेली असती," मामा म्हणाले. "पण जन्माला येऊन मेली असती."

रिक्षा आली. त्यांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला, ड्रायव्हरला मानपाडा सांगितलं आणि ते कल्याणच्या रिक्षांच्या रांगेकडे गेले.